भर हिवाळ्यात खिडकीवर गांधीलमाशी

बाहेर पारा शून्याला टेकलेला असतो, खिडक्या कित्येक आठवडे उघडलेल्या नसतात, आणि काचेवर एक भलीमोठी गांधीलमाशी जडपणे चढते, घसरते, परत चढते. थंड हवामानाच्या प्रदेशांत डिसेंबर ते मार्च या काळात घराघरांत हे दिसतं, आणि बहुतेक जण त्यावरून एकच अंदाज बांधतात: घरात कुठेतरी पोळं आहे. मग विषारी फवारा येतो, माणसं बोलावली जातात, माळा उपसला जातो. यातलं जवळजवळ काहीच करावं लागत नाही. ही माशी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच घरात शिरून झोपली होती. खोली तापली आणि ती उठली. (इथले सगळे महिने उत्तर गोलार्धाचे आहेत, दक्षिण गोलार्धासाठी सहा महिने पुढे धरावेत.)

थंड हवामानात गांधीलमाशीचं पोळं साधारण एकाच मोसमाचं असतं. वसंतात एकटी राणी ते सुरू करते. उन्हाळाभर कामकरी माश्या ते वाढवतात, आणि भरात आलेल्या पोळ्यात काही हजार माश्या असतात. उन्हाळा सरता सरता त्याच पोळ्यात नर आणि नव्या राण्या तयार होतात. शरदात नव्या राण्यांचं मीलन होतं, आणि नंतर थंडी सगळा संसार आवरते. नर मरतात, जुनी राणी मरते, कामकरी माश्या गारठ्याने आणि उपासमारीने संपतात. उरतात त्या फक्त मीलन झालेल्या नव्या राण्या. प्रत्येकीच्या पोटात पुढच्या वर्षाच्या पोळ्यासाठी लागणारं नराचं बीज साठवलेलं असतं आणि अंगात चरबीचा भरपूर साठा असतो. हा साठा मार्च-एप्रिलपर्यंत पुरवायचा, एवढंच त्यांचं हिवाळ्यातलं काम.

म्हणून ऐन हिवाळ्यात घरात दिसलेली गांधीलमाशी जवळजवळ नेहमी राणीच असते. आकारावरूनही ते कळतं. घरांच्या आसपास सर्रास दिसणाऱ्या काळ्या-पिवळ्या गांधीलमाशीची कामकरी 12 ते 14 मिलिमीटरची असते, तर राणी 20 मिलिमीटरच्या आसपास भरते, आणि तिचं पोटही चांगलं भरीव असतं. अपवाद आहे तो नोव्हेंबर-डिसेंबरचा. उबदार माळ्यावरचं एखादं पोळं अजून पुरतं संपलेलं नसेल, तर लहान आकाराच्या, मरगळलेल्या कामकरी माश्या दिव्याभोवती फिरताना दिसतात. आकार लहान आणि संख्या रोज दहा-वीस असेल, तर ते उशिरापर्यंत टिकलेलं पोळं समजावं. जानेवारीत एकच मोठी माशी दिसली, तर ती झोपमोड झालेली राणी.

भिंगातून तोंड पाहता आलं, तर जातही सांगता येते. कपाळाखालच्या पिवळ्या पट्टीवर जहाजाच्या नांगराच्या आकाराची काळी खूण असेल तर ती कॉमन वास्प (वास्प म्हणजे गांधीलमाशीच). तीन बारीक काळे ठिपके असतील तर जर्मन वास्प. खुणा थोड्याफार बदलतात, पण बऱ्याचदा एवढ्यावरून काम भागतं. माशी 25 मिलिमीटरच्या पुढे, डोक्याकडे तांबूस-तपकिरी आणि पोटाकडे पिवळी असेल, तर ती युरोपीय हॉर्नेटची, म्हणजे मोठ्या आकाराच्या गांधीलमाशीची, राणी. दिसायला धडकी भरवते, स्वभावाने मात्र बरीच शांत. आणि अंगाने सडपातळ, कंबर निमुळती, पाय लांब आणि उडताना खाली लोंबणारे असतील, तर ती कागदी पोळं बांधणारी पॉलिस्टिस. तिच्याबद्दल पुढे वेगळं सांगायचं आहे, कारण तिची हिवाळी सवय निराळी असते.

दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे पिवळ्या पट्ट्यांच्या निरुपद्रवी माशीला गांधीलमाशी समजणं. फुलांवर घिरट्या घालणाऱ्या काही माश्या हुबेहूब हा वेश घेतात आणि त्यांच्यातल्या काही घरात हिवाळाही काढतात. त्यांना पंखांची एकच जोडी असते, मिशा अगदी आखूड असतात आणि डोळ्यांनीच डोकं व्यापलेलं असतं. त्यांना नांगीच नसते. दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे: मधमाशीला गांधीलमाशी समजणं. मधमाश्या हिवाळ्यात एकेकट्या झोपत नाहीत. अख्खं मोहोळ एकमेकांना बिलगून ऊब धरतं. तेव्हा भर थंडीत घरात केसाळ, तपकिरी मधमाश्या वारंवार येत असतील, तर धुराड्यात किंवा भिंतीच्या पोकळीत जिवंत मोहोळ असण्याची शक्यता धरा आणि मधुमक्षिकापालकाला बोलवा. तिथे खालच्या कुठल्याच सूचना लागू होत नाहीत.

झोपलेली राणी कशी दिसते

झोपलेली राणी एकदा नीट पाहिली, की पुढे ती कुठेही ओळखता येते. ती जबड्यांनी एखादा धागा, लाकडाचा तंतू किंवा खरबरीत कड घट्ट चावून धरते. सहा पाय अंगाशी मुडपलेले असतात. मिशा खाली वळवून छातीशी दाबलेल्या. सगळ्यात विलक्षण तिचे पंख: एरवी पाठीवर असणारे पंख ती खाली वळवून, पोटाच्या दोन्ही बाजूंनी, मागच्या पायांखाली खोचून ठेवते. नाजूक पंख आणि मिशा अशा रीतीने अंगाखाली सुरक्षित राहतात आणि सगळा देह एक लहानसं, टणक गाठोडं होतो. जुन्या पडद्याच्या चुणीत हे गाठोडं सुकलेल्या बीसारखं दिसतं. लोक मेलेली माशी समजून चिमटीत उचलतात ती याच अवस्थेत. तसं कधीच करू नका. मेलेल्या माशीचे पाय सैल, वेडेवाकडे पसरलेले असतात आणि पंख बाहेर असतात. पंख खोचलेले असतील, तर ती जिवंत आहे असं धरून चाला.

जागा निवडताना तिला तीन गोष्टी हव्या असतात: कोरडेपणा, अंधार आणि एकसारखी थंडी. रानात हे झाडाच्या सुटलेल्या सालीखाली किंवा कुजक्या ओंडक्यात मिळतं. घरात हेच माळ्यावर वाशांच्या सांध्यात, छताखालच्या लोकरीसारख्या थरात, भिंतीवरच्या फ्रेममागे, वापरात नसलेल्या खोलीच्या पडद्यात, गुंडाळलेल्या गालिच्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कडांत आणि खिडकीच्या चौकटीच्या फटीत मिळतं. ऊब शोधत ती आत आली, असं सगळे म्हणतात. खरं तर तिला थंडच हवं असतं, फक्त ते कोरडं आणि स्थिर हवं.

आणि घोटाळा होतो तो इथेच. ऑक्टोबरमध्ये निवडलेली थंड खोली जानेवारीत पाहुण्यांसाठी तापवली जाते, किंवा माळ्यातून जाणारा गरम पाण्याचा नळ चालू होतो. साधारण 10 अंशांच्या वर तापमान काही काळ राहिलं, की राणी हलू लागते. आधी पोट भात्यासारखं आतबाहेर होतं, मग छातीचे स्नायू थरथरू लागतात. ही थरथर म्हणजे उड्डाणाआधी स्नायू तापवणं असतं. मग ती प्रकाशाकडे निघते, आणि घरात दिवसा प्रकाश म्हणजे खिडकी. म्हणून ती खिडकीवर सापडते. ज्या खिडकीवर सापडली, तिथून आत आली असा अर्थ होत नाही.

जागं होणं तिला फार महाग पडतं. झोपेत चरबी थेंबाथेंबाने जळते. फिरण्यात आणि उडण्यात ती भराभर संपते, आणि हिवाळ्यात भरून काढायला बाहेर फुलं नसतात. त्यामुळे सलग थंड हिवाळा राण्यांना त्यामानाने सोसतो, आणि मध्येच ऊन, मध्येच गारठा असा हिवाळा त्यांच्या मुळावर येतो. भरीला कोळी आणि ओलसर जागेतली बुरशी असतेच. गरम खोलीत राहिलेली राणी तर हमखास भुकेने मरते.

पकडायचं कसं, ठेवायचं कुठे

एकटीदुकटी राणी असेल तर फवाऱ्याची गरज नाही. एका माशीसाठी राहत्या खोलीत कीटकनाशक उडवणं हा शुद्ध तोटा आहे. रुंद तोंडाचा काचेचा पेला आणि पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. हीटर बंद करून तासभर खोली गार होऊ द्या, म्हणजे तिचा वेग बराच मंदावतो. ती काचेवर स्थिर असताना पेला सपाट टेकवा, मग कागद पेल्याच्या कडेखालून हळू सरकवा. इथे घाई केली की तिचा पाय कडेत सापडतो आणि ती चवताळते. कागद पूर्ण सरकल्यावर तो तळहाताने आधार देऊन पेल्यासकट उचला. पडद्यावर असेल तर पेला कापडावर टेकवून कापड मागून ताणून धरा, आणि ती काचेवर चढल्यावरच कागद सारा. दिवा घालवून पेल्याच्या तळाच्या बाजूने प्रकाश पाडला, तर ती आपसूक तळाकडे जाते.

पुढचा टप्पा बहुतेकांचा चुकतो. दार उघडून तिला बर्फात भिरकावलं, तर आसरा गाठण्याआधीच ती आखडते. तिला उघड्यावर सोडण्यापेक्षा थंड, कोरड्या आडोशाला नेऊन ठेवायचं असतं. न तापवलेली शेड, पडवी, लाकडांची रचलेली थप्पी यांपैकी काहीही चालेल. शेडमध्ये ठेवणार असाल, तर चपलांच्या खोक्याएवढा पुठ्ठ्याचा डबा घ्या, त्यात कोरडी पानं किंवा चुरगळलेला कागद सैल भरा, बाजूला 10 मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि राणीला आत सोडा. डबा सावलीत ठेवा. दक्षिणेकडच्या काचेजवळ ठेवला, तर दुपारच्या उन्हाने ती पुन्हा उठेल आणि केलेलं सगळं वाया जाईल. भोक मात्र बुजवू नका. वसंतात तिला तिथूनच निघायचं आहे. शेडलाही बाहेर जायची फट हवी.

ती कित्येक तास खिडकीवर धडपडत असेल, तर हलवण्याआधी थोडं खायला देता येतं. एक भाग साखर, दोन भाग पाणी, कापसाच्या बोळ्यावर चार थेंब. बशीत ओतू नका. पंख चिकटले की संपलं. पेल्याखाली बोळा ठेवला तर ती सहसा काही मिनिटांत पिऊ लागते. पिऊन झाल्यावर लगेच थंडीत न्या. खाऊ घालून गरम खोलीत ठेवणं म्हणजे दयेच्या नावाखाली तिला जागं ठेवून मारणं.

व्हॅक्यूम क्लीनरने ओढणारेही बरेच असतात. त्यात एक धोका लक्षात घ्या: पिशवीतल्या धुळीत ती बऱ्याचदा जिवंत राहते आणि पिशवी बदलताना हाताला डसते.

एक दिसली की एकटी, पाच दिसल्या की माग काढा

संपूर्ण हिवाळ्यात एक-दोन राण्या दिसणं सामान्य आहे. आठवड्याभरात चार-पाच दिसल्या, तर त्यांची झोपण्याची जागा जवळच आहे आणि ती तापते आहे. मग एक कागद घेऊन तारीख, वेळ, खोली आणि त्या वेळी हीटर चालू होता का, एवढं लिहा. तीन-चार नोंदींतच सूत्र दिसू लागतं. सकाळी हीटर लागल्यावर तासाभरात एकाच खोलीत दिसत असतील, तर त्या खोलीतलंच सामान तपासा. फक्त उन्हाच्या दुपारी दिसत असतील, तर तापणारं छप्पर किंवा दक्षिणेची भिंत संशयित. संध्याकाळी शेकोटीजवळ दिसत असतील, तर त्या जळाऊ लाकडांच्या सालीतून येत आहेत. यावर उपाय सोपा आहे: थप्पी बाहेरच ठेवा, आत त्या दिवसापुरतीच लाकडं आणा, आणि आणण्याआधी दोन ओंडके एकमेकांवर आपटून सैल साल झटका.

एकाच ठिकाणी दहा-वीस सडपातळ माश्यांचा घोळका सापडला, तर ती पॉलिस्टिस. तिच्या माद्यांना एकत्र झोपायची सवय आहे. माळा, भिंतीची पोकळी, धुराड्याच्या कडा अशा जागी त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि हिवाळ्यातल्या उबदार दिवशी दिव्याच्या होल्डरभोवतालच्या किंवा झरोक्याच्या फटीतून एकामागून एक खोलीत उतरतात. घोळका पाहून पोळं समजू नका. तिथे कोष्ठकं नसतात, पिल्लं नसतात, राखायला काही नसतं.

माळ्यावर जुनं, कागदी, चेंडूसारखं पोळं लटकताना दिसलं, तर त्याचा आणि खिडकीवरच्या राणीचा संबंध थेट नसतो. राणी सहसा जुन्या पोळ्यात झोपत नाही आणि कोणतीही राणी ते पुढच्या वर्षी पुन्हा वापरत नाही. तरी ते काढावं, कारण आत मेलेल्या अळ्या राहतात आणि त्यांवर लोकर कुरतडणारे कार्पेट बीटल पोसले जातात. कडाक्याची थंडी पडून गेल्यावर, ये-जा पूर्ण थांबल्याची खात्री करून, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून, मोठ्या पिशवीत उतरवून घ्या. सुकलेला लगदा फार भुरभुरतो.

फटी बुजवण्याच्या वेळेबद्दल माझं मत ठाम आहे: हिवाळ्यात बुजवू नका. तेव्हा राण्या आतच असतात. बाहेरची वाट बंद झाली की वसंतात त्या घराच्या आतल्या बाजूला उतरतात. हे काम ऑगस्ट ते सप्टेंबरच्या सुरुवातीला करायचं, तेही कुठे पोळं चालू नाही हे पाहून. चालू पोळ्याचं तोंड कधीही बंद करू नये. माश्या भिंतीचं प्लास्टर किंवा छताचा पातळ थर कुरतडून खोलीत उतरतात. वळचणीखाली, पाइप बाहेर पडतात तिथे आणि खिडकीच्या चौकटीभोवती सीलंट भरा. हवेच्या झरोक्यांवर 3 मिलिमीटर छिद्रांची स्टीलची जाळी लावा. गॅसच्या उपकरणांचे आणि चुलीचे धूर जाण्याचे मार्ग मात्र झाकायचे नाहीत. तिथे जाळीही स्वतःच्या मनाने लावू नका, कारण कार्बन मोनॉक्साइड गांधीलमाशीपेक्षा कितीतरी पट घातक आहे.

मारावी की नाही

दिसलेली प्रत्येक राणी मारली की पुढच्या उन्हाळ्यात एक पोळं कमी, हा हिशेब पटण्यासारखा वाटतो, पण चुकतो. एका मोठ्या पोळ्यातून शेकडो नव्या राण्या बाहेर पडतात. माश्यांची संख्या वर्षागणिक कमीजास्त झाली तरी दीर्घकाळात साधारण सारखी राहते, याचा अर्थ त्या शेकड्यांतून सरासरी एखादीच पोळं तडीस नेते. बाकीच्या झोपेत, भुकेने किंवा वसंतात एकमेकींच्या कोवळ्या पोळ्यावर कब्जा करण्याच्या मारामारीत मरतात. तुम्ही मारलेली राणी बहुधा त्या मरणाऱ्यांतलीच असते, आणि नसली तरी तिची जागा दुसरी घेते. न्यूझीलंडमध्ये हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं. जर्मन वास्प तिथे 1945 मध्ये हॅमिल्टनजवळ आढळली. विमानांच्या सुट्या भागांच्या खोक्यांत झोपलेल्या राण्यांमार्फत ती पोहोचली असावी असं मानतात. काही वर्षांतच सरकारने प्रत्येक राणीमागे बक्षीस लावलं, लोकांनी एक लाखाहून जास्त राण्या आणून दिल्या, आणि माशी पसरतच राहिली.

त्याच गोष्टीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. झोपलेली राणी खोक्यात बसून समुद्र ओलांडते. पिवळ्या पायांची आशियाई हॉर्नेट 2004 च्या सुमारास फ्रान्समध्ये पोहोचली ती अशीच, चीनमधून आलेल्या मातीच्या भांड्यांच्या मालातून असं मानलं जातं, आणि जनुकीय तपासणीतून तिथल्या साऱ्या माश्या बहुधा एकाच राणीच्या वंशातल्या असल्याचं दिसलं. म्हणून परदेशातून आलेलं लाकडी किंवा पुठ्ठ्याचं खोकं उघडताना झोपलेली अनोळखी राणी सापडली, तर तिला सोडू नका. काळपट अंग, पोटावर शेवटाकडे नारिंगी पट्टा आणि पायांची टोकं पिवळी, अशी माशी युरोपात दिसली तर झाकणाच्या बरणीत धरून ठेवा, फोटो काढा आणि स्थानिक यंत्रणेला कळवा. ज्या प्रदेशात जात परकी आणि घातक ठरली आहे, तिथे एकटी राणीही मारणंच योग्य. ती मूळचीच त्या प्रदेशातली असेल तर मात्र तिला जगू द्यावं असं मला मनापासून वाटतं; तिचं पोळं उन्हाळाभर माश्या आणि अळ्या टिपतं.

दंशाचं थोडक्यात. राणीला नांगी असते आणि ती एकाहून जास्त वेळा डसू शकते. राखायला पोळं नसल्यामुळे ती चालून येत नाही. दंश होतो तो ती दाबली गेल्यावर. माळ्यावरून काढलेलं ब्लँकेट, बरेच महिने टांगलेला कोट, खिडकीखाली अनवाणी पाय, या तीन ठिकाणी तो सर्वांत जास्त होतो. कपडे वापरण्याआधी बाहेर झटका. डसलीच तर साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं धरा. नांगी आत राहत नाही, म्हणून खरवडू नका. श्वास लागणं, चेहरा किंवा घसा सुजणं, अंगभर गांध्या उठून चक्कर येणं, यांपैकी काही झालं तर थांबायचं नाही: ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ असेल तर लगेच द्या आणि आपत्कालीन मदत बोलवा. तोंडात किंवा घशात दंश झाला, तर लक्षणांची वाटच पाहू नका.

हिवाळ्यात ज्या घरात दोन-तीन राण्या दिसल्या, तिथे एप्रिल-मे महिन्यांत दर आठवड्याला एकदा माळा, शेड आणि वळचण टॉर्चने पाहून घ्या. नवं पोळं देठाला लटकलेल्या करड्या कागदी दिव्यासारखं दिसतं, सुरुवातीला पिंगपाँगच्या चेंडूएवढं, आत वीस-तीस कोष्ठकं आणि एकटी राणी. पहिल्या कामकरी माश्या बाहेर यायला चार-पाच आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात राणी लगद्यासाठी लाकूड खरवडायला किंवा शिकारीला सारखी बाहेर जात असते. ती गेल्याचं पाहून पोळं देठासकट बरणीत उतरवा आणि चिकटलेला देठ खरवडून टाका. ती परत येऊन थोडा वेळ घिरट्या घालते आणि मोसम अजून कोवळा असेल तर दुसरीकडे नवं पोळं सुरू करते. पोळ्यातून एकाच वेळी दोन माश्या ये-जा करताना दिसल्या, तर कामकरी आल्या आहेत. तिथून पुढे बरणी खाली ठेवा आणि हे काम करणाऱ्या जाणकाराला बोलवा.